फ्यूचरा

फ्यूचरा : रोमन लिपीचे एक भौमितिक व सेरिफविरहित मुद्राक्षरवळण. जर्मन अभिकल्पकार पाउल रेनर (९ ऑगस्ट १८७८–२५ एप्रिल १९५६) यांनी ते रचले आणि फ्रँकफुर्ट येथील बाउअर या मुद्राक्षर ओतशाळेने १९२७ साली ते बाजारात आणले. वर्तुळ, त्रिकोण, चौरस व सरळ रेघ या मूळ आकृत्यांवर आधारलेली अक्षरे, सर्वत्र जवळजवळ सारखी भासणारी रेषेची जाडी आणि अलंकरणाचा संपूर्ण अभाव, ही या वळणाची प्रमुख लक्षणे होत. विसाव्या शतकातील मुद्रण, जाहिरात, पुस्तकनिर्मिती व चित्रपट या क्षेत्रांवर त्याचा ठसा उमटलेला असून त्याची अनेक रूपांतरे व अनुकरणे झाली. त्याच्या इतिहासात केवळ अक्षरांच्या आकाराचा नव्हे, तर आधुनिकता म्हणजे काय आणि एखाद्या राष्ट्राने कोणत्या अक्षरांत लिहावे-वाचावे, या प्रश्नांचाही इतिहास गुंतलेला आहे.

पार्श्वभूमी : रोमन लिपीतील अक्षरांच्या रेषांना टोकाशी ज्या बारीक आडव्या रेघोट्या असतात, त्यांना सेरिफ म्हणतात. दगडावर अक्षरे कोरणाऱ्या प्राचीन रोमन कारागिरांपासून ही रेघोटी चालत आली आणि पंधराव्या शतकातील इटालियन मुद्रकांनी ती खिळ्यांत कायम केली. सेरिफ नसलेला पहिला छपाईचा खिळा लंडनच्या चौथ्या विल्यम कॅझलन यांच्या ओतशाळेच्या नमुनापुस्तकात १८१६ साली आढळतो. त्यात फक्त मोठी (कॅपिटल) अक्षरे होती. एकोणिसाव्या शतकात भित्तिपत्रके, दुकानांच्या पाट्या, वेष्टने व किंमतपत्रके यांची मागणी वाढली, तशी दुरून ठळक दिसणारी ही अक्षरे लोकप्रिय झाली. जर्मनीत त्यांना ‘ग्रोटेस्क’ असे नाव पडले. बर्लिनच्या बेर्टहोल्ड ओतशाळेने १८९८ साली आणलेले आक्टसिडेंट्स-ग्रोटेस्क हे त्यांतील विख्यात वळण होय. मात्र ही अक्षरे किरकोळ व्यापारी छपाईची मानली जात. ग्रंथांच्या सलग मजकुरासाठी त्यांचा विचार फारसा कोणी करीत नसे.

इंग्लंडमध्ये एडवर्ड जॉन्स्टन यांनी लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी १९१६ साली तयार केलेल्या अक्षरांनी या समजुतीला पहिला मोठा धक्का दिला. जॉन्स्टन हे सुलेखनाचे अभ्यासक होते. त्यांनी सेरिफ काढून टाकले, परंतु अक्षरांची प्रमाणे मात्र प्राचीन रोमन शिलालेखांवरून घेतली. सेरिफविरहित अक्षरालाही अभिजात बांधा असू शकतो, हे त्यावरून दिसून आले.

जर्मनीतील परिस्थिती याहून गुंतागुंतीची होती. तेथे एकाच भाषेसाठी दोन अक्षरपरंपरा नांदत होत्या : एक मोडक्या, कोनदार रेषांची ‘फ्राक्टुर’ व दुसरी गोलसर ‘आंटिक्वा’, म्हणजेच रोमन. धर्मग्रंथ, कथा-कादंबऱ्या व वृत्तपत्रे बहुधा फ्राक्टुरमध्ये, तर विज्ञानविषयक ग्रंथ व परभाषेतील शब्द आंटिक्वामध्ये छापण्याची रूढी होती. शाळेतील मुलाला दोन्ही शिकाव्या लागत. आंटिक्वाला अग्रमान द्यावा, या मागणीवर १९११ साली जर्मन संसदेत (राइखश्टाग) मोठा वाद झाला व ती मागणी फेटाळली गेली. फ्राक्टुरच्या समर्थकांना ती जर्मन आत्म्याची लिपी वाटे, तर आंटिक्वाच्या समर्थकांना ती जर्मनीला यूरोपपासून तोडणारी भिंत वाटे. पहिल्या महायुद्धातील पराभवानंतर हा वाद अधिकच तीव्र झाला. जुन्या व्यवस्थेबरोबर जुनी अक्षरेही टाकून द्यावीत, असे तरुण कलावंतांना वाटू लागले. वायमार व पुढे डेसाऊ येथील बौहाउस या कलाविद्यालयात हेर्बेर्ट बायर यांनी १९२५ साली ‘युनिव्हर्सल’ या नावाची, केवळ लहान अक्षरांची व केवळ कंपास-पट्टीने आखलेली वर्णमाला मांडली. ती खिळ्यांच्या रूपात कधीच ओतली गेली नाही, तथापि भूमितीवर आधारलेल्या लिपीची कल्पना तिने सर्वतोमुखी केली.

रेनर यांची जडणघडण : पाउल रेनर यांचा जन्म हार्ट्स पर्वतराजीतील व्हेर्निगेरोडे या गावी झाला. त्यांचे शिक्षण चित्रकाराचे होते. म्यूनिकमधील गेओर्ग म्यूलर या प्रकाशनसंस्थेसाठी त्यांनी १९०७ पासून अनेक वर्षे पुस्तकांची सजावट व मांडणी केली. उद्योग व कला यांची सांगड घालू पाहणाऱ्या ‘डॉइचर व्हेर्कबुंड’ या संघटनेचे ते सदस्य होते. ते बौहाउसचे विद्यार्थी वा अध्यापक कधीच नव्हते आणि फ्यूचराला बौहाउसची निर्मिती समजण्याचा जो प्रघात आहे, तो चुकीचा आहे. बौहाउसमधील तरुणांपेक्षा ते वयाने मोठे होते व परंपरेविषयी त्यांना आदर होता. १९२२ साली त्यांनी मुद्राक्षरकलेवर एक ग्रंथ लिहिला, त्यात त्यांचा कल अभिजात रोमन अक्षरांकडेच होता. जुन्या ग्रंथकलेत मुरलेल्या माणसाने नव्या युगाचे अक्षर रचावे, यातच फ्यूचराच्या वेगळेपणाचे मर्म आहे.

निर्मिती : १९२४ साली प्रकाशक याकोप हेग्नर यांनी रेनर यांच्याजवळ आपल्या काळाला साजेशा नव्या मुद्राक्षराची अपेक्षा व्यक्त केली. त्यातून स्फूर्ती घेऊन रेनर यांनी रेखाटने केली. ती पुढे बाउअर ओतशाळेकडे गेली. गेओर्ग हार्टमान हे या ओतशाळेचे मालक व हाइन्रिख योस्ट हे तिचे कलासल्लागार होते. हार्टमान यांनी ही कल्पना उचलून धरली. १९२५ मध्ये रेनर हे फ्रँकफुर्टच्या कलाविद्यालयात अध्यापनासाठी आल्याने अभिकल्पकार व ओतशाळा एकाच शहरात आली, हे कामाच्या दृष्टीने सोयीचे ठरले. त्या वेळी फ्रँकफुर्ट शहरात एर्न्स्ट माय यांच्या मार्गदर्शनाखाली नव्या वसाहती उभ्या राहत होत्या. सपाट छपरांची, साध्या भिंतींची ती घरे आणि रेनर यांची अक्षरे एकाच वातावरणात घडली.

धातूचे मुद्राक्षर तयार करणे हे त्या काळी दीर्घ व खर्चाचे काम होते. अभिकल्पकाराच्या मोठ्या रेखाटनावरून प्रत्येक अक्षराचा ठसा कोरावा लागे किंवा यंत्राने काढावा लागे. त्यावरून साचा, म्हणजे मातृका, बनवावी लागे व तीत शिसे, अँटिमनी व कथिल यांचा मिश्रधातू ओतून खिळे पाडावे लागत. हे सर्व प्रत्येक आकारमानासाठी स्वतंत्रपणे करावे लागे. लहान आकारात अक्षरे थोडी रुंद व मोकळी, तर मोठ्या आकारात अधिक काटेकोर ठेवण्याची मुभा त्यामुळे मिळे. छापलेल्या चाचणी-प्रती पाहून पुन्हापुन्हा दुरुस्त्या होत असत. रेनर यांच्या पहिल्या आराखड्यात लहान लिपीतील ‘ए’, ‘जी’, ‘एम’, ‘एन’ व ‘आर’ या अक्षरांची रूपे फार धाडसी होती. ‘आर’ हे अक्षर तर एक उभी रेघ व तिच्या शेजारी सुटा ठिपका असे होते. मजकूर जुळवून पाहिल्यावर ही रूपे वाचकाची नजर अडवतात असे दिसून आले आणि त्यांची जागा सौम्य रूपांनी घेतली. प्रारंभीच्या नमुन्यांत काही जुनी रूपे पर्याय म्हणून ठेवली होती. ओतशाळेतील अनुभवी कारागीर व अभिकल्पकार यांच्या या देवाणघेवाणीतून अखेर जे वळण सिद्ध झाले, ते बायर यांच्या आकृत्यांपेक्षा कमी क्रांतिकारक पण पुष्कळच अधिक वाचनीय होते.

१९२७ साली पातळ, मध्यम व ठळक अशा तीन जाडींत फ्यूचरा विक्रीस आले. ‘फ्यूचरा’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘भावी’ असा आहे. ओतशाळेने ‘आमच्या काळाची लिपी’ अशी त्याची जाहिरात केली. त्याच सुमारास इतर ओतशाळाही याच दिशेने निघाल्या होत्या. फ्रँकफुर्टच्याच लुडविख उंड मायर संस्थेने याकोप एर्बार यांचे ‘एर्बार’ हे वळण फ्यूचराच्या थोडे आधी आणले. ओफेनबाखच्या क्लिंगश्पोर ओतशाळेने १९२७ मध्ये रूडोल्फ कोख यांचे ‘काबेल’ प्रसिद्ध केले. इंग्लंडमध्ये मोनोटाइप कंपनीने एरिक गिल यांचे ‘गिल सॅन्स’ १९२८ साली आणले. यावरून भौमितिक अक्षर ही एका व्यक्तीची लहर नसून त्या दशकाची मागणी होती, हे स्पष्ट होते.

रचना व रूपविशेष : फ्यूचराची मोठी अक्षरे प्राचीन रोमन शिलालेखांतील प्रमाणे पाळतात. ‘ओ’, ‘सी’, ‘जी’ व ‘क्यू’ ही अक्षरे वर्तुळावर, ‘ई’, ‘एफ’ व ‘एल’ ही सुमारे अर्ध्या चौरसावर, तर ‘ए’ व ‘व्ही’ ही त्रिकोणावर उभी आहेत. त्यामुळे काही अक्षरे फार रुंद व काही फार अरुंद होतात. एकोणिसाव्या शतकातील ग्रोटेस्क वळणांत सर्व मोठी अक्षरे जवळपास सारख्याच रुंदीची असत. ‘ए’, ‘एम’, ‘एन’ यांची टोके अणकुचीदार आहेत.

लहान अक्षरांच्या बाबतीत रेनर यांच्यापुढे एक मूलभूत अडचण होती. रोमन लिपीतील मोठी अक्षरे दगडात कोरलेल्या अक्षरांची, तर लहान अक्षरे मध्ययुगीन लेखकांच्या बोरूच्या हस्ताक्षराची वारस आहेत. दोन भिन्न हत्यारांतून जन्मलेल्या या दोन वर्णमाला एकाच ओळीत नांदतात. हस्ताक्षरातील वळसे, शेपट्या व जोडरेषा काढून टाकून लहान अक्षरेही मोठ्यांप्रमाणे शुद्ध आकृत्यांची करणे, हा रेनर यांनी काढलेला मार्ग होय. म्हणून फ्यूचराचा लहान ‘ए’ हा एक गोल व एक उभी रेघ एवढाच आहे, ‘जे’ ही केवळ ठिपका दिलेली सरळ रेघ आहे, ‘टी’ला तळाशी वळण नाही आणि ‘यू’ला उजवीकडे खुंट नाही. लहान अक्षरांच्या वर जाणाऱ्या रेषा मोठ्या अक्षरांपेक्षाही किंचित उंच आहेत. जर्मन भाषेत प्रत्येक नामाचा आरंभ मोठ्या अक्षराने होत असल्याने पानावर मोठी अक्षरे फार दिसतात. ती तुलनेने ठेंगणी ठेवल्यामुळे पान अधिक एकसंध दिसते.

फ्यूचरा पट्टी व कंपास यांनीच काढले आहे, असा पाहणाऱ्याचा समज होतो. परंतु तो दृष्टिभ्रम आहे आणि तो घडवून आणण्यातच खरे कौशल्य आहे. माणसाच्या डोळ्याला समान जाडीची आडवी रेघ उभ्या रेघेपेक्षा जाड भासते. वर्तुळ हे तेवढ्याच उंचीच्या चौरसाच्या शेजारी लहान वाटते. गोल व उभी रेघ जेथे मिळतात, तेथे काळेपणाची गाठ दिसते. म्हणून फ्यूचरात आडव्या रेषा किंचित बारीक केल्या आहेत, गोल अक्षरे व टोकदार अक्षरांची टोके आधाररेषेच्या थोडी बाहेर काढली आहेत आणि ‘बी’, ‘डी’, ‘पी’, ‘क्यू’ यांसारख्या अक्षरांत गोल हा उभ्या रेघेकडे जाताना निमुळता होत जातो. ‘ओ’सुद्धा शुद्ध वर्तुळ नाही. ठळक प्रकारांत या दुरुस्त्या अधिकच मोठ्या प्रमाणात कराव्या लागतात. सारांश, फ्यूचरा हे भूमितीचे अक्षर नसून भूमितीचा आभास निर्माण करणारे अक्षर होय.

आटोपशीर उपप्रकार : वर्तुळावर आधारलेल्या अक्षरांना जागा फार लागते. वृत्तपत्रातील अरुंद स्तंभ, औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठी किंवा भित्तिपत्रकाचा मथळा यांत तेवढी जागा नसते. म्हणून बाउअर ओतशाळेने १९३० च्या सुमारास फ्यूचराचा आटोपशीर (कंडेन्स्ड) प्रकार आणला. येथे एक तात्त्विक पेच उभा राहतो : वर्तुळ दोन्ही बाजूंनी दाबले की ते वर्तुळ राहत नाही. नुसते दाबून लंबवर्तुळ केले, तर बाजूच्या रेषा बारीक वा जाड होऊन अक्षर विरूप होते. यावर उपाय असा की, ‘ओ’च्या दोन्ही बाजू सरळ उभ्या करायच्या व वर-खाली अर्धवर्तुळाकार टोप्या बसवायच्या. धावपट्टीसारखी ही आकृती भौमितिकच राहते, परंतु तिचे नियामक तत्त्व आता वर्तुळ नसून समांतर उभ्या रेषांची लय हे असते. अशा अक्षरांत सर्व अक्षरांची रुंदी जवळजवळ सारखी होते आणि रोमन शिलालेखी प्रमाणे लोपतात. थोडक्या जागेत अधिक शब्द बसतात व मथळा ठोस दिसतो. मात्र लहान आकारात सलग वाचन करताना उभ्या रेषांची दाटी डोळ्याला शिणवते, म्हणून या प्रकाराचा उपयोग मथळे, वेष्टने व फलक यांपुरता करणे इष्ट मानतात. दुसऱ्या महायुद्धानंतर रेनर यांनी स्वतःच ‘श्टाइले फ्यूचरा’ हे अधिक अरुंद व उभट वळण रचले. ते १९५० नंतरच्या दशकात बाउअरने प्रसृत केले. त्यात कठोर भूमितीला हस्ताक्षराची काहीशी जोड दिलेली आढळते.

याखेरीज स्टेन्सिलसारख्या तुटक आकारांचे ‘फ्यूचरा ब्लॅक’ (१९२९), तिरपे प्रकार व सलग मजकुरासाठीची ‘बुक’ ही जाडी १९३२ पर्यंत उपलब्ध झाली. सुप्रसिद्ध अतिठळक प्रकार मात्र अमेरिकन अभिकल्पकार एडविन शार यांनी १९५२ मध्ये रचला.

राजकीय संघर्ष : रेनर यांनी १९२६ साली म्यूनिकच्या मुद्रणविद्यालयाचे प्रमुखपद स्वीकारले व पुढील वर्षी तेथेच मुद्रकांसाठी उच्च शिक्षण देणारी संस्था सुरू झाली. त्यांनी यान टशिकोल्ड या तरुण मुद्राक्षरकाराला अध्यापक म्हणून आणले. १९२८ साली नव्या मुद्राक्षरकलेचा जाहीरनामाच ठरलेला ग्रंथ टशिकोल्ड यांनी लिहिला व सेरिफविरहित अक्षर हेच आधुनिक युगाचे अक्षर असे प्रतिपादिले. नाझी पक्षाच्या दृष्टीने ही सारी चळवळ ‘सांस्कृतिक बोल्शेव्हिकवाद’ होती. या शिक्क्याचाच प्रतिवाद करणारी ‘कुल्टुरबोल्शेविस्मुस?’ ही पुस्तिका रेनर यांनी १९३२ मध्ये लिहिली. तीत त्यांनी नाझींच्या कलाविषयक धोरणावर उघड टीका केली. ती स्वित्झर्लंडमधील झुरिक येथून प्रसिद्ध झाली.

हिटलर सत्तेवर आल्यावर त्याची किंमत दोघांनाही मोजावी लागली. मार्च १९३३ मध्ये टशिकोल्ड यांना अटक झाली. सुटकेनंतर ते सहकुटुंब स्वित्झर्लंडला गेले. एप्रिलमध्ये रेनर यांनाही पकडण्यात आले. त्यांची सुटका लवकर झाली, पण संस्थेचे प्रमुखपद गेले. त्याच वर्षी मिलानच्या त्रैवार्षिक प्रदर्शनातील जर्मन विभागाची त्यांनी केलेली मांडणी लक्षणीय ठरली होती, हा योगायोग बोलका आहे. त्यानंतर ते कॉन्स्टन्स सरोवराकाठच्या हडिंगेन या गावी राहिले व मुख्यतः चित्रकला आणि लेखन यांत त्यांनी काळ घालविला.

या प्रकरणातील विसंगती मात्र येथेच संपत नाहीत. निर्मात्याला पदच्युत करणाऱ्या राजवटीत फ्यूचराचे खिळे विकले जातच होते. व्यापारी छपाईला त्यांची गरज होती व निर्यातीतून परकीय चलन मिळत होते. दुसरीकडे खुद्द रेनर यांनी १९३८ च्या सुमारास ‘बालाडे’ या नावाचे मोडक्या रेषांच्या परंपरेतील वळण रचले. पुढे ३ जानेवारी १९४१ रोजी मार्टिन बोरमान यांनी एक परिपत्रक काढून, ज्या अक्षरांना पक्षाने आजवर जर्मन म्हणून गौरविले होते, तीच ज्यूंची अक्षरे असल्याचा निराधार दावा केला आणि आंटिक्वाला राज्यव्यवहाराची लिपी ठरविले. हे परिपत्रक ज्या कागदावर निघाले, त्याचा छापील शीर्षभाग मोडक्या रेषांच्या अक्षरांतच होता. जिंकलेल्या प्रदेशांतील लोकांना फ्राक्टुर वाचता येत नाही, हे यामागील व्यावहारिक कारण असल्याचे मानले जाते. तीस वर्षे संसदेत व वृत्तपत्रांत जो वाद मिटला नव्हता, तो एका हुकुमाने मिटला, परंतु ज्या उदार यूरोपीय दृष्टीने रेनर यांनी रोमन अक्षराचा पुरस्कार केला होता, तिचा त्या हुकुमाशी कोणताही संबंध नव्हता. अक्षराचा आकार आपल्या अंगी कोणतेही राजकीय मत बाळगीत नाही. ते त्याला वापरणारे व त्यावर बंदी घालणारे चिकटवतात, हा धडा या इतिहासातून मिळतो.

युद्धोत्तर काळात टशिकोल्ड परंपरागत मांडणीकडे वळले. नव्या मुद्राक्षरकलेतील असहिष्णू आग्रह त्यांना हुकूमशाही वृत्तीचाच भाऊबंद वाटू लागला. यावरून स्विस कलावंत माक्स बिल व त्यांच्यात १९४६ मध्ये कडवट वाद झाला. रेनर यांनी या प्रसंगी मध्यम भूमिका घेतली. परंपरा व नवता यांना परस्परांचे शत्रू न मानण्याची त्यांची वृत्ती अखेरपर्यंत कायम राहिली. १९५६ मध्ये हडिंगेन येथेच त्यांचे निधन झाले.

प्रसार व उपयोग : जर्मनीबाहेर फ्यूचराचा प्रसार फार झपाट्याने झाला. फ्रान्समध्ये डबर्नी ए पेन्यो या ओतशाळेने ते ‘यूरोप’ या नावाने विकले. अमेरिकेत ‘व्हॅनिटी फेअर’ मासिकाचे कलादिग्दर्शक मेहमेद फेहमी आगा यांनी १९२९ पासून त्याचा वापर केला. स्पर्धक कंपन्यांनी लगेच आपापली अनुकरणे आणली. इंटरटाइपचे ‘व्होग’, लडलोचे ‘टेम्पो’, मोनोटाइपचे ‘ट्वेंटिएथ सेंचुरी’ व लिनोटाइपचे ‘स्पार्टन’ ही त्यांपैकी होत. जुळणीयंत्रे प्रत्येक कंपनीची वेगळी असल्याने, ज्याच्याकडे ज्या कंपनीचे यंत्र त्याला त्याच कंपनीचे वळण घ्यावे लागे. म्हणून अनुकरणांना बाजारपेठ सहज मिळे.

जाहिरातकलेत १९५९ साली अमेरिकेत सुरू झालेली फोक्सवॅगन मोटारीची मोहीम विशेष गाजली. भरपूर कोरी जागा, लहानसे छायाचित्र व फ्यूचरातील थोडक्या शब्दांचा मथळा, ही तिची मांडणी पुढे आदर्श ठरली. जुलै १९६९ मध्ये अपोलो–११ यानातून चंद्रावर उतरलेल्या अंतराळवीरांनी तेथे जो धातूचा स्मृतिफलक ठेवला, त्यावरील मजकूर फ्यूचराच्या मोठ्या अक्षरांत कोरलेला आहे. चार दशकांपूर्वी ज्या अक्षराला ‘भावी’ असे नाव दिले, ते पृथ्वीबाहेर पोहोचलेल्या अक्षरांत गणले गेले. अमेरिकन कलावती बार्बरा क्रूगर यांनी १९८० नंतरच्या काळात कृष्णधवल छायाचित्रांवर तिरप्या ठळक फ्यूचरातील वाक्ये छापून जाहिरातीचीच भाषा जाहिरातीविरुद्ध वापरली. आटोपशीर ठळक फ्यूचराचे उदाहरण म्हणून नायकी या क्रीडासाहित्य कंपनीच्या १९८८ पासूनच्या घोषवाक्याचा निर्देश करता येईल. वेस अँडरसन यांच्या ‘द रॉयल टेनेनबॉम्स’ (२००१) या चित्रपटात फ्यूचराचा सर्वत्र वापर आढळतो. स्वीडनच्या ईकेआ या गृहसाहित्य कंपनीने अनेक वर्षे वापरलेले फ्यूचराचे रूप २००९ साली सोडून संगणकाच्या पडद्यासाठी रचलेले ‘व्हर्डाना’ स्वीकारले, तेव्हा अभिकल्पकारांत तीव्र प्रतिक्रिया उमटली. अक्षराशी लोकांचे भावनिक नाते किती दृढ होऊ शकते, हे त्यावरून दिसते.

तंत्रांतर व उत्तरकालीन वळणे : बाउअर ओतशाळेचे फ्रँकफुर्टमधील काम १९७२ मध्ये थांबले व तिचा वारसा बार्सेलोना येथील संलग्न संस्थेकडे गेला. तोवर धातूच्या खिळ्यांची जागा प्रकाशजुळणीने घेतली होती आणि पुढे संगणकीय जुळणी आली. या स्थित्यंतरात एकाच मूळ रेखाटनावरून सर्व आकारमाने काढण्याची पद्धत पडली. परिणामी लहान आकारासाठी पूर्वी केल्या जाणाऱ्या सूक्ष्म दुरुस्त्या बव्हंशी नाहीशा झाल्या. आज उपलब्ध असलेली फ्यूचराची संगणकीय रूपे परस्परांपासून किंचित भिन्न असतात, त्याचे एक कारण हेच होय. भौमितिक वळणांची परंपरा मात्र खंडित झाली नाही. हर्ब लुबालिन व टॉम कार्नेस यांचे ‘आव्हाँ गार्द गॉथिक’ (१९७०), आद्रियाँ फ्रूटिगर यांचे ‘आव्हनीर’ (१९८८) व टोबायस फ्रेरे-जोन्स यांचे ‘गॉथम’ (२०००) ही तिची ठळक उदाहरणे होत. ‘आव्हनीर’ या फ्रेंच शब्दाचा अर्थही ‘भविष्यकाळ’ असाच आहे. तथापि फ्रूटिगर यांनी त्यात वर्तुळाची कठोरता मुद्दाम कमी केली.

देवनागरीतील भौमितिक वळण : देवनागरी अक्षराचा पारंपरिक बांधा तिरप्या कापलेल्या बोरूच्या टोकातून घडला आहे. त्यामुळे एकाच अक्षरात जाड व बारीक रेषा आळीपाळीने येतात. मुंबईच्या निर्णयसागर मुद्रणालयाचे संस्थापक जावजी दादाजी (१८३९–९२) यांच्या ओतशाळेतील नामांकित खिळ्यांत ही बोरूची लय जपलेली दिसते. देवनागरीत मोठी व लहान अशी दुहेरी वर्णमाला नाही आणि सेरिफही नाही. म्हणून रेनर यांच्यापुढील प्रश्न येथे जसाच्या तसा उद्‌भवत नाही. येथील अडचणी निराळ्या आहेत : शिरोरेखेमुळे अक्षराचा वरचा भाग बांधला जातो, वर-खाली मात्रांना जागा ठेवावी लागते आणि जोडाक्षरांत एका अक्षराच्या रुंदीत दोन-तीन व्यंजने बसवावी लागतात. ‘क्ष’, ‘झ’ किंवा ‘ह’ यांसारखी अक्षरे वर्तुळात कोंबली, तर त्यांची ओळखच पुसट होते. मराठी वाचकाला ‘ल’ व ‘श’ यांची परिचित मराठी रूपे व ‘ऱ्य’मधील अर्ध्या ‘र’चे रूप हवे असते, याचीही दखल घ्यावी लागते.

समान जाडीच्या रेषेची देवनागरी वळणे विसाव्या शतकात पाट्या व मथळे यांच्या निमित्ताने रूढ झाली. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्री या संस्थेने २०१४ साली प्रसृत केलेले ‘पॉपिन्स’ हे रोमन व देवनागरी अशा दोन्ही लिपींसाठी एकत्रितपणे रचलेले भौमितिक वळण होय. त्यातील देवनागरी निनाद काळे यांनी व रोमन जॉनी पिनहॉर्न यांनी रेखाटले. ते निःशुल्क उपलब्ध असल्याने संकेतस्थळे, निमंत्रणपत्रिका व फलक यांत त्याचा प्रसार झाला आहे. वर्तुळाचे सूत्र देवनागरीत कोठवर ताणावे आणि अक्षराच्या मूळ वळणाला कोठे मान द्यावा, हा प्रश्न त्यात सोडविताना रेनर यांच्या ओतशाळेतील चाचण्यांचेच स्मरण होते.

मूल्यमापन : फ्यूचराविरुद्ध काही आक्षेप घेतले जातात. लहान लिपीतील ‘बी’, ‘डी’, ‘पी’, ‘क्यू’ व ‘ओ’ ही अक्षरे एकाच गोलावर बेतलेली असल्याने एकमेकांसारखी दिसतात. अक्षरांच्या रुंदीतील फरकामुळे ओळीत काळ्या-पांढऱ्याची लय थोडी विस्कळित होते. अक्षरांचा मधला भाग ठेंगणा असल्याने लहान आकारात वाचन कष्टाचे होते. हे आक्षेप सर्वस्वी निराधार नाहीत. म्हणूनच दीर्घ ग्रंथांसाठी फ्यूचराचा वापर मर्यादित राहिला. तरीही सेरिफविरहित अक्षराला किरकोळ छपाईच्या पातळीवरून उचलून विचारपूर्वक घडविलेल्या अभिजात अक्षराची प्रतिष्ठा मिळवून देण्याचे श्रेय ज्या मोजक्या वळणांना जाते, त्यांत फ्यूचराचे स्थान वरचे आहे. त्याने यंत्रयुगाला शोभणारे रूप घेतले, पण त्या रूपाखाली दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिलालेखांची प्रमाणे आणि मानवी डोळ्याला केलेल्या असंख्य सवलती दडलेल्या आहेत. नव्या काळाचे म्हणून घडविलेले हे अक्षर सुमारे शंभर वर्षांनंतरही वापरात टिकून आहे, याचे कारण त्याच्या नावात नसून जुन्या परंपरेच्या या सखोल जाणिवेत शोधावे लागते.